शेतीची ॲप बनवणाऱ्यांनो, एकदा जुलैमध्ये डांगाणात या

प्रति,
शेतीची ॲप, सेन्सर, चॅटबॉट वगैरे बनवणारी डेव्हलपर मंडळी, स्टार्टअपवाले, आणि त्यांना कामं देणारे कृषी न् महसूल खात्यातले साहेब लोक,

नमस्कार मंडळी,

2025 मध्ये राज्य सरकारने महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी ठेवले, तेव्हा आता शेतीच्या ॲपची रांग लागणार हे सांगायला ज्योतिषी नको. लागू दे, आनंदच आहे. मी काही मोबाईलच्या नावाने बोटं मोडणारा माणूस नाही, उलट माझं पोटच त्याच्यावर चालतं. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, ज्याला आम्ही डांगाण म्हणतो तिकडे, बाजाराच्या गावात माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, पीक पाहणी, फार्मर आयडी, केवायसी, विम्याचे फॉर्म, महाडीबीटी, जे म्हणाल ते. आणि गंमत अशी की "शेतकऱ्याने घरबसल्या स्वतःच्या मोबाईलवर करा" म्हणून ज्या ज्या कामाची जाहिरात होते ते प्रत्येक काम फिरून माझ्या टेबलावरच येतं. माझा धंदा होतो, तक्रार नाही, पण माणूस भाताची आवणी, म्हणजे लावणी, टाकून, जीपला पैसे देऊन, दिवस मोडून एक फोटो अपलोड करायला येतो तेव्हा हे घरबसल्या कुणाच्या घरी बसून ठरवलं असेल असा प्रश्न पडतोच.

म्हणणं एवढंच आहे. तुम्ही ॲप बनवताना नेट आहे असं धरून चालता, आणि नसेल तर वर एक लाल पट्टी दाखवता, "कृपया इंटरनेट तपासा". आमच्याकडे येताना उलटं धरा ना. नेट नाहीच असं धरून सगळं काम फोनमध्ये पूर्ण होऊ द्या, आणि कधी रेंज आलीच तर तेवढ्यात गुपचूप पाठवून टाका. बाकी सगळं पत्र ह्याचाच पाढा आहे, वाचायचा कंटाळा आला तर इथे थांबलात तरी चालेल, पण थांबू नका कारण पुढे कामाच्या गोष्टी आहेत.

आधी रेंजचं सांगतो. केंद्राने जुलै 2022 मध्ये नेटवर्क नसलेल्या 24,680 गावांसाठी फोर जीची योजना मंजूर केली, 26 हजार कोटींच्या वर पैसे, बीएसएनएलकडे काम. टॉवर उभे राहतायत, नाही म्हणत नाही. पण टॉवर उभा राहणं आणि खाचरात उभं राहून फोनला रेंज मिळणं ह्याच्या मध्ये डोंगर असतो, खराखुरा, दगडाचा. शिवाय आमचं सगळं शेतीचं काम जून ते ऑक्टोबर, आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते, लाईट गेली की टॉवरची बॅटरी काही तास ओढते, मग टॉवर पण झोपतो. वरच्या एका वाडीत आंब्याचं झाड आहे, त्याच्या एका ठरावीक फांदीला लोक फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून टांगून ठेवतात, संध्याकाळी काढून बघतात काय काय मेसेज आले. त्या फांदीवर येणारा ओटीपी तुमच्या दहा मिनिटांत वापरायचाय आम्हाला. बघा जमतंय का.

आता एक प्रसंग सांगतो, ॲपचं नाव घेत नाही कारण एकाचं घेतलं तर बाकीचे सुटतील. मागच्या पावसाळ्यात एका आजींच्या शेतावर गेलो होतो, पिकाची नोंद करायची होती, त्यांचा मुलगा आणि सून नारायणगावकडे मजुरीला, फोन नातवाचा, स्क्रीनला तडा गेलेला. आजी डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरून उभ्या, पाऊस असा की पलीकडचा बांध दिसेना. ओल्या बोटाने स्क्रीनला हात लावला की एक दाबायला जावं आणि भलतंच उघडावं, आणि वरून थेंब पडले की फोन आपला आपणच चालायला लागतो, बटणं दाबली जातात, यादी वरखाली पळते. नातवाने शर्टाच्या आत धरून कसाबसा गट निवडला, पीक निवडलं, फोटो काढला, तर ॲप म्हणे लोकेशन मिळत नाही, पुन्हा प्रयत्न करा. केला. परत तेच. बांधावर चढला, पलीकडे जाऊन आला, शेवटी मिळालं, सबमिट दाबलं, आणि गोल फिरायला लागलं ते फिरतच राहिलं, आणि मग ॲपने आम्हाला सरळ लॉगिनच्या पानावर आणून सोडलं. भरलेलं सगळं गेलं. आजी मला विचारतात, झालं का बाळा? काय सांगू त्यांना.

ह्यातली प्रत्येक गोष्ट टाळता येण्यासारखी होती, हे मला म्हणायचंय. एकेक बघा.

लोकेशन. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच लोकांना वाटतं की जीपीएसला नेट लागतं, आणि तुमची ॲप बघून कधीकधी वाटतं की तुमच्यातल्याही काहींना तसंच वाटतं. लागत नाही. फोन सॅटेलाइटचा सिग्नल थेट आकाशातून घेतो. फरक एवढाच की नेट असलं की कुठला सॅटेलाइट कुठे आहे ही माहिती फोन नेटवरून चटकन उचलतो, आणि नेट नसलं की तीच माहिती सॅटेलाइटकडून ऐकत बसावी लागते, आणि सॅटेलाइट ती सेकंदाला फक्त 50 बिट एवढ्या संथपणे पाठवतो. एका सॅटेलाइटची स्वतःच्या कक्षेची माहिती पूर्ण यायला साधारण 30 सेकंद, तेही मध्ये सिग्नल न तुटता, आणि सगळ्या सॅटेलाइटची मिळून ढोबळ यादी यायला साडेबारा मिनिटं. आता आमच्याकडे एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला झाडी, आकाश अर्धंच दिसतं, आणि तुमच्या ॲपचा टाइमआउट दहा-पंधरा सेकंदांचा. कसं मिळणार लोकेशन? तुमच्या ऑफिसात वायफायवर ते दोन सेकंदांत मिळतं म्हणून तुम्ही पंधरा ठेवलं, मोठ्या मनाने. अहो ॲप उघडल्याबरोबर जीपीएस चालू करा, माणूस पीक निवडेपर्यंत त्याला ऐकू द्या, स्क्रीनवर दाखवा की चार सॅटेलाइट सापडले, अजून थोडं थांबा, म्हणजे माणूस थांबतो. आमच्या लोकांना थांबायची सवय आहे, एसटीसाठी थांबतातच की. पण काय चाललंय हे कळलं पाहिजे.

लोकेशनचीच अजून एक गोष्ट, गटाची. काही ठिकाणी ॲप गटाच्या मधल्या बिंदूपासून अंतर मोजतं. सपाटीवरच्या चौकोनी गटाला ठीक आहे, आमच्याकडे एक गट नदीपासून डोंगराच्या माथ्यापर्यंत जातो, त्यात सामाईक खातं, पाच भावांची खाचरं पाच ठिकाणी, आणि मधला बिंदू पडतो करवंदीच्या जाळीत. तिथे जाऊन भाताचा फोटो काढायचा कसा? आणि ज्यांची जमीन वनपट्ट्याची आहे, 2006 च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेली, त्यांचं नावच बऱ्याच ॲपच्या यादीत येत नाही, मग पुढचं सगळं बोलायलाच नको. क्षेत्र टाकायचं ते हेक्टर आणि आरमध्ये, आणि बोलताना सगळे गुंठ्यात आणि एकरात. एक गुंठा म्हणजे जवळपास एक आरच, तेवढं गणित फोनला करू द्या, त्याला काय जड आहे. आजींना करायला लावू नका.

मग वेळ. ही माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. सॅटेलाइटकडून फोनला नुसती जागा मिळत नाही, अचूक वेळही मिळते, नेट नसताना. म्हणजे फोटो कुठे काढला आणि कधी काढला ह्या दोन्ही गोष्टी खाचरातच पक्क्या होऊ शकतात, त्यांच्यावर डिजिटल शिक्का मारून फोनमध्ये कुलूपबंद ठेवता येतात, नंतर कुणी फोनची तारीख मागे-पुढे केली तरी फरक पडणार नाही. पण तुम्ही धरता काय, तर सर्व्हरवर पोचल्याची वेळ. पंतप्रधान पीक विम्यात स्थानिक आपत्तीने नुकसान झालं तर 72 तासांत कळवायचं असा नियम आहे, राज्याने 2025 मध्ये आपले निकष बदलले तो भाग वेगळा, पण कुठल्याही योजनेत असा तासांचा हिशोब आला की प्रश्न तोच. ज्या पावसाने पीक झोपवलं त्याच पावसाने टॉवर पण झोपवलेला असतो, ओढ्याला पाणी असतं, माणूस चौथ्या दिवशी बाजारगावी पोचतो, तोवर 72 तास गेले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. साहेब, हे तुमच्या हातात आहे, डेव्हलपरच्या नाही. जीआरमध्ये लिहा की फोटो काढल्याची वेळ ग्राह्य, पोचल्याची नाही. एका ओळीचं काम आहे.

ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली आणि कल्पना म्हणून ती मला आजही आवडते, स्वतःच्या पिकाची नोंद स्वतः करायची, तलाठ्याच्या मागे फिरायचं नाही. पण मुदत संपत आली की सगळं राज्य एकदम अपलोडला बसतं, सर्व्हर मान टाकतो, मग मुदतवाढीची बातमी. माहिती फोनमध्ये घेऊन ठेवायची मुदत वेगळी आणि पाठवायची मुदत वेगळी ठेवली, दुसरीला अजून दोन-तीन आठवडे दिले, तर हा गोंधळ बराचसा आपोआप कमी होईल असं मला वाटतं. पाठवणार कधी, तर बाजाराच्या दिवशी. डांगाणातला माणूस आठवड्यातून एकदा बाजाराला येतोच, मीठ-मिरची घ्यायला, आणि त्याचा फोन तेव्हा खिशात रेंजमध्ये असतो. तुमच्या ॲपने त्या दोन तासांत काम उरकलं पाहिजे, त्याने ॲप उघडलं नाही तरी.

आणि उरकायचं तर ओझं कमी करा. कॅमेऱ्यातून निघालेला फोटो चार एमबीचा, आणि आमची रेंज खरी सेकंदाला 40 केबिट, म्हणजे 5 केबी, मिळाली तरी नशीब, म्हणजे एका फोटोला तेरा-चौदा मिनिटं, आणि मध्ये तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. तोच फोटो दीडशे केबीचा केला तर अर्ध्या मिनिटात जातो आणि भात आहे की नाचणी हे त्यातही दिसतं, वाटलं तर मला पाठवा मी ओळखून दाखवतो. जिथे तुटलं तिथून पुढे चालू झालं पाहिजे. आणि ते "नवीन व्हर्जन आलंय, अपडेट केल्याशिवाय ॲप उघडणार नाही", हे पाप तरी करू नका. साठ-सत्तर एमबीचं अपडेट, फोनची मेमरी गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरलेली, आणि माणूस शेतात उभा.

बॅटरीचं पण लक्षात घ्या. रेंज नसलेल्या ठिकाणी फोन सारखा टॉवर शोधत बसतो त्याने बॅटरी तशीच लवकर उतरते, त्यात तुमचं ॲप दर मिनिटाला सर्व्हरला हाक मारतंय, गेली की दुपारपर्यंत. मग लाईट नाही म्हणून दोन दिवस फोन बंद. आमच्याकडे म्हणून लोक शेतात जाताना फोन एअरप्लेन मोडवर टाकतात, आणि ती युक्ती त्यांना कुणी ट्रेनिंगमध्ये शिकवलेली नाही.

फोन कुणाचा हाही प्रश्नच. तुम्ही धरता एक शेतकरी, एक फोन, एक नंबर. प्रत्यक्षात घरात चांगला फोन एकच, तो पोराकडे, पोरगा नारायणगाव नाहीतर नाशिकला, आधारला नंबर बापाचा जुना जो बंद पडला, आणि शेतात रोज राबते ती सून, तिच्या नावावर ना सातबारा ना सिम. करपा आलाय हे पहिलं तिला दिसतं. तिच्या हातात साधा बटणांचा फोन असेल तर असेल. अंगठ्याचं म्हणाल तर आवणीच्या दिवसांत चिखलात हात घालून घालून बोटांचे ठसे पुसट होतात, मशीन घेतच नाही, मी रोज बघतो. तेव्हा एकदा लॉगिन केलं की वर्षभर राहू द्या, एका फोनवर चार घरांचं काम चालू द्या, आणि साध्या फोनवाल्याला बाहेर ठेवू नका.

साध्या फोनवरून काय होतं हे ज्याला बघायचंय त्याने पुण्याचं नॅनो गणेश बघावं. संतोष ओस्तवाल ह्यांनी केलेलं, 2009 मध्ये त्याला नोकियाचं मोठं बक्षीस मिळालं होतं. मोटरच्या स्टार्टरला एक डबी जोडायची, तिच्यात सिम, शेतकऱ्याने साध्या फोनवरून त्या नंबरला फोन लावायचा, बटण दाबायचं, मोटर चालू, लाईट आहे की नाही तेही कळतं. ना ॲप ना इंटरनेट ना पासवर्ड. शेतीच्या लाईनला दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास असा फेरा, रात्रीची पाळी आली की बाराला उठून उसातून विहिरीवर जायचं, खाली प्रवरेच्या पट्ट्यात आणि जुन्नरकडे बिबट्या उसातच बसलेला. त्या माणसाला घरातून फोन लावून मोटर चालू करता येणं म्हणजे काय हे त्याच्या बायकोला विचारा. आता तसले मोबाईल स्टार्टर गल्लोगल्ली मिळतात, मेकॅनिक तालुक्याला आहे, बिघडलं तर दुरुस्त होतं. हे कुणाला एआय वाटणार नाही, पण अडचण कुठे आहे हे त्या माणसाला नेमकं माहीत होतं.

एआय पण नेटशिवाय चालतं हेही सांगतो, नाहीतर म्हणाल हा जुन्या काळातला. पूर्व आफ्रिकेत कसावावरचे रोग ओळखायला, ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो तो कसावा, प्लांटव्हिलेजचं नुरू नावाचं ॲप आहे, पान कॅमेऱ्यासमोर धरलं की फोनच सांगतो रोग कोणता, सगळं मॉडेल फोनच्या आत, सर्व्हरला विचारायची गरज नाही. आपल्याकडे मुंबईच्या वाधवानी एआयने कापसासाठी तसंच केलं, कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, अडकलेल्या पतंगांचा फोटो काढायचा आणि फोन ते मोजतो, मॉडेल आटवून स्वस्तातल्या स्मार्टफोनमध्ये बसेल एवढं केलेलं. गुलाबी बोंडअळीचं गणितही सोपं आहे, सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ पतंग आले की फवारणीचा विचार करायचा. एवढं गणित फोनला नेटशिवाय येत नसेल तर त्याला स्मार्ट कशाला म्हणायचं. 2017 मध्ये यवतमाळला फवारणी करताना विषबाधेने किती शेतकरी-मजूर गेले हे आठवा, म्हणजे नको ती फवारणी टाळणं हे किती मोठं काम आहे ते कळेल. मग आमच्या भातावरचा करपा, तुडतुडे, खोडकिडा ह्यांच्यासाठी असं काहीतरी फोनमध्येच बसणारं का नाही करत कुणी? भात पिकवणारे गरीब म्हणून?

एसएमएस पाठवता ते चांगलंय, पण एक छोटी गोष्ट. इंग्रजी एसएमएस 160 अक्षरांचा असतो, देवनागरीत तोच 70 चा होतो, त्यात काना-मात्रा पण मोजतात. जास्त झालं की तुकडे पडतात, आणि कमजोर रेंजमध्ये एखादा तुकडा राहिला की मेसेज अर्धवट नाहीतर येतच नाही. तुमचा सल्ला सुरू होतो "प्रिय शेतकरी बंधूंनो, जिल्हा कृषी हवामान केंद्राच्या वतीने आपणास कळविण्यात येते की", इथेच 70 संपले. "मंगळ-बुध जोराचा पाऊस. युरिया टाकू नका." झालं. हवामान खात्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो असा दोन ओळीत आंब्याच्या फांदीवर पोचला तरी पुष्कळ आहे. फक्त तो जिल्ह्याचा नको. घाटघरला पावसाळ्यात चार-चार, पाच-पाच हजार मिलिमीटर पडतो आणि त्याच तालुक्यात खाली प्रवरेकाठचा पाऊस त्याच्या पासंगाला पुरत नाही, दोघांना एकच सल्ला कसा चालेल. आणि विजांचा, ढगफुटीचा इशारा असेल तर सेल ब्रॉडकास्ट वापरा, 2023 मध्ये सगळ्यांचे फोन एकदम भोंग्यासारखे वाजले होते ना चाचणीला, लोक घाबरले होते, तेच. त्याला इंटरनेट लागत नाही.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना आवाज. किसान कॉल सेंटर 2004 पासून आहे, 1800-180-1551, सकाळी सहा ते रात्री दहा, फुकट, माझ्या दुकानाच्या भिंतीवर नंबर लिहिलाय. छत्तीसगडात सीजीनेट स्वराने तर गोंडी बोलणाऱ्या लोकांना फोनवर स्वतःची गोष्ट रेकॉर्ड करता येईल अशी सोय केली, आणि नेट नसलेल्या गावात ती रेकॉर्डिंग ब्लूटूथवरून एका फोनातून दुसऱ्या फोनात द्यायची, त्याला नावच बुल्टू रेडिओ. पोरं सिनेमाची गाणी तशीच वाटायची की आधी. डिजिटल ग्रीन नावाच्या संस्थेने 2006 पासून गावातल्याच शेतकऱ्यांचे व्हिडिओ काढून बॅटरीवरच्या छोट्या प्रोजेक्टरवर गावातच दाखवले. आमच्याकडे संध्याकाळी देवळात पंधरा बायका बसतात बचत गटाच्या, तिथे असा पाच मिनिटांचा व्हिडिओ दाखवला तर तुमच्या चॅटबॉटपेक्षा जास्त उपयोग होईल असं माझं स्पष्ट मत आहे. मेमरी कार्डावर द्या, मी वाटतो.

सेन्सरवाल्यांना दोनच शब्द. प्रत्येक डबीत सिम घालू नका, रेंज नाही आणि रिचार्ज कोण मारणार. लोरा नावाचा बिनतारी प्रकार आहे, आपल्याकडे 865 ते 868 मेगाहर्ट्झवर त्याला लायसन लागत नाही, थोड्याशा बॅटरीवर दूरवर माहिती जाते, डोंगर आडवा आला तर अंतर घटतं हे खरं, पण वाडीच्या वरच्या टेकाडावर एक रिसीव्हर बसवला की खालच्या सगळ्या शेतांचं तिथे जमा होऊ शकतं. आणि वायर उंदीर खातो. हे तुमच्या कुठल्याही प्रेझेंटेशनमध्ये नसतं म्हणून लिहितोय. प्रकल्पाचं वर्ष संपलं, सबस्क्रिप्शन संपलं, की तो सेन्सर शेतात बुजगावण्यासारखा उभा राहतो, फरक एवढाच की बुजगावण्याला पाखरं तरी घाबरतात. तेव्हा बसवतानाच सांगा की बॅटरी कुठली, कुठे मिळते, गावातला कोण पोरगा ती बदलणार आणि त्याला त्याचे काय पैसे.

साहेब लोकांना एकच मागणी, टेंडरमध्ये अट घाला. शेतीच्या कुठल्याही ॲपचं बिल निघायच्या आधी ते तीन-चार वर्षं जुन्या, स्वस्तातल्या, मेमरी भरलेल्या फोनवर, एअरप्लेन मोड टाकून, पाऊस पडत असताना, एका पन्नाशीच्या बाईने स्वतः वापरून दाखवलं पाहिजे. फोन बंद करून परत चालू केला तरी भरलेली माहिती तशीच असली पाहिजे, आणि तीन आठवड्यांनी रेंजमध्ये आल्यावर एकदाच आणि पूर्ण गेली पाहिजे, दोनदा नाही. किती डाउनलोड झाले हा आकडा मला सांगू नका, ते डाउनलोड मीच करून दिलेत माझ्या दुकानात, लोक घरी जाऊन जागा मोकळी करायला ॲप काढून टाकतात. किती नोंदी शेतात बसून, दुसऱ्याच्या मदतीशिवाय झाल्या, तो आकडा मागा.

आणि डेव्हलपर मंडळी, तुम्ही टेस्टिंगला येता ते जानेवारी-फेब्रुवारीत, हायवेच्या कडेच्या प्रगतशील शेतकऱ्याकडे, द्राक्षाच्या बागेत, तिथे चहा चांगला मिळतो आणि रेंज पण. जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात या. गाडी बाजारगावात लावा, पुढे जीपने आणि मग पायी. लॅपटॉप आणू नका, भिजेल. तुमचा महागाचा फोन पण ठेवून या, आमच्यातलाच एक फोन देतो, त्याच्यावर तुमचंच ॲप टाकून आजींच्या खाचरात उभं राहून एक नोंद पूर्ण करून दाखवा. राहायची सोय होईल, भाकरी-कालवण मिळेल, आंब्याची फांदी पण दाखवतो. यायच्या आधी फोन लावा, पण लागला नाही तर मेसेज टाकून ठेवा, बाजाराच्या दिवशी नक्की उत्तर देतो.

आपला,
एक ऑनलाइन सेंटरवाला,
अकोले तालुका, जिल्हा अहिल्यानगर